नाताळच्या रंगाआधी मे महिन्यातली कौलं

डिसेंबर जवळ आला की गावोगावच्या चर्चची पंचकमिटी बसते, वर्गणी निघते आणि इमारतीला रंग लागतो. पुढच्या पावसाळ्यात त्याच भिंतींवर ओलीचे पट्टे उठतात, वेदीमागचा गिलावा फुगतो आणि पुन्हा रंगासाठीच वर्गणी निघते. हा पैसा आधी कौलांत गेला पाहिजे, आणि तोही मे महिन्यात. नवापूर, साक्री, नंदुरबारकडची जुनी कौलारू चर्चेस टिकणार की नाही, हे त्या महिन्यात ठरतं.

मे यासाठी, की माणसं तेव्हा गावात असतात. या पट्ट्यातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि एप्रिल-मेमध्ये परततात. जूनमध्ये पाऊस धरला की सगळे पेरणीत. मधल्या तीन-चार आठवड्यांत लग्नंही असतात, म्हणून पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) लग्नांच्या तारखा वहीत मांडतानाच कौलांसाठी दोन दिवस राखून ठेवावेत.

पहिल्या दिवशी वर कोणी चढायचंच नाही. भर दुपारी दारं-खिडक्या लावून घ्या आणि आत अंधारात उभं राहून वर बघा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल, तिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय. बांबूला खडू बांधून खालूनच त्या रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीवर, खूण करा. वाशावर काळसर ओघळ दिसला, तर गळती त्याच्या वरच्या अंगाला शोधा. पाणी लाकडावरून हात-दोन हात वाहत येऊन मग टपकतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काम सुरू करावं आणि अकराच्या आत खाली उतरावं. पारा ४४-४५ वर असताना कौलावर हात ठेववत नाही, आणि घाईत टाकलेला पाय आणखी चार कौलं फोडतो. पाय थेट कौलावर कधीच नको. वाशांवर आडवी फळी टाकायची, तिला दोर बांधायचा आणि वजन फळीवर ठेवायचं. चढणाऱ्याच्या कमरेलाही दोर हवाच. वळचणीकडून आढ्याकडे सरकत जायचं, कारण वरचं कौल खालच्यावर बसतं. काढलेलं प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर परत लावा. बद्द आवाज आला तर तडा गेलेला आहे, डोळ्यांना दिसो न दिसो.

नवी कौलं आणताना जुनं एक कौल बरोबर न्यावं. मंगलोरी कौलं दिसायला सारखी असली तरी कारखान्यागणिक खाचा वेगळ्या असतात. गुजरातेतल्या मोरबीचं नवं कौल जुन्याच्या खाचेत नीट बसलं नाही, तर वाऱ्याबरोबरचा पाऊस त्या फटीतून आत येतो. खाचा जुळल्या नाहीत तर दोन जाती मिसळू नका. सगळी चांगली जुनी कौलं छपराच्या एका बाजूला एकत्र करा आणि दुसरी बाजू पूर्ण नवी घाला. १०० चौरस फुटांना १४० ते १५० कौलं लागतात. शंभरेक जास्तीची आणून मागच्या भिंतीशी उभी रचून ठेवावीत, वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की ती लागतातच. (या कौलांचा मंगळुरातला पहिला कारखाना स्वित्झर्लंडच्या बाझल मिशनने १८६५ मध्ये काढला होता, कौल आणि मिशन यांचं नातं तेव्हापासूनचं.)

आढ्यावरची कौलं बसवताना नुसत्या सिमेंटचा कडक माल वापरू नये. दिवसाच्या उन्हाने तो तडकतो आणि भेगेतून पाणी शिरतं. १ भाग सिमेंट, २ भाग चुना, ९ भाग वाळू हा मऊ माल बरा. कौलं आधी भिजवून घ्या आणि वर ओली पोती टाकून आठवडाभर पाणी मारा.

भिंतींचंही तेच. विटा चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतील, तर बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट म्हणजे ओल आत कोंडणं. ती मग आतल्या बाजूने बाहेर पडते आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चुन्याची सफेदी भिंतीला श्वास घेऊ देते. १० किलो कळीच्या (न विझवलेल्या) चुन्याला ५० लिटर पाणी. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्यावं आणि त्यात चुना थोडा थोडा सोडावा. उलटं केलं तर उकळता चुना अंगावर उडतो, आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घालावा, मुलांना लांब ठेवावं. दोन-तीन दिवस मुरू देऊन फडक्याने गाळायचं, गरम पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम डिंक आणि किंचित नीळ घालायची. आधी पोपडे खरवडून भिंत ओली करा, मग पातळ दोन हात द्या. जाड एकच हात दिला तर तो हाताला लागत राहतो.

काळ्या जमिनीवरच्या चर्चला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्यातल्या काही मिटतात. अशी भेग मे महिन्यात सिमेंटने भरू नका. जमीन फुगली की भिंत दुसरीकडे फुटेल. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा आणि वर्षभर बघा. रेघेच्या पुढे सरकत असेल तर इंजिनिअरला बोलवा. जोत्याभोवती ३ फूट रुंद, बाहेर उताराची फरशी केली आणि वळचणीचं पाणी लांब काढून दिलं, तर निम्मं दुखणं तिथेच थांबतं. भिंतीत उगवलेला पिंपळ बोटाएवढा असतानाच मुळासकट काढावा.

वळवाच्या दिवसांत माईकचा अँप्लिफायर उपासना संपताच प्लगमधून काढून ठेवा. वीज तारेतून येते, बटण बंद असलं तरी.

पैशाचं बघायचं तर कापणीच्या सणाला आलेलं भात, तूर, भोपळे, कोंबड्या यांचा लिलाव होतो. त्यातला ठरावीक हिस्सा ‘छप्पर’ म्हणून वेगळ्या पानावर लिहून बँकेत टाकावा, म्हणजे डिसेंबरच्या रंगासाठी त्याला हात लागत नाही. प्रत्येक बोलीची पावती द्यावी, लिलावाच्या उधारीची यादी त्याच दिवशी वाचून दाखवावी. वसूल न झालेली उधारी हे मंडळीतल्या भांडणाचं फार जुनं कारण आहे. मिशनच्या काळातल्या जागा बहुधा ट्रस्टच्या नावावर असतात, तेव्हा मोठ्या दुरुस्तीआधी सातबारा किंवा गावठाणातला नमुना ८ काढून बघावा आणि ट्रस्टची लेखी संमती घ्यावी. विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जातो. आणि दुरुस्तीला पैसा नाही म्हणून आवाराचा तुकडा विकायची गोष्ट कोणी काढली, तर धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय तो व्यवहार होत नाही, हे बैठकीतच स्पष्ट सांगावं.