आमची वाटचाल: चिकट बाहुल्यांच्या दुकानाची

पुण्यात सदाशिव पेठेत आमचं दहा बाय बाराचं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात तिथे शिलाई मशीनची दुरुस्ती व्हायची. ते गेल्यावर मी आणि ह्यांनी तेच काम पुढे चालवलं. पहिली बाहुली आली ती मशीन न्यायला आलेल्या एका मावशींच्या पिशवीतून. आडवी केली की डोळे मिटणारी, सोनेरी केसांची. हातात घेतली तर बोटं चिकटत होती. "माळ्यावर होती, मळली असेल. एवढी मशीनं साफ करता, हिलाही करून द्या."

मलाही तो मळच वाटला. मशीनच्या घट्ट झालेल्या तेलाला लावतो तसा थिनर कापसावर घेतला आणि गालावरून फिरवला. गालाची लाली आणि डावी भुवई कापसावर उतरली, खालचं प्लॅस्टिक पांढुरकं पडलं. मावशी एक शब्दही बोलल्या नाहीत. बाहुली पदराखाली घेतली आणि निघून गेल्या. ती अर्धवट पुसलेली भुवई मी अजून विसरलेले नाही. आमचं बाहुल्यांचं काम तिथून सुरू झालं.

नणंदेचा मुलगा रसायनशास्त्र शिकवतो. त्याने समजावून सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ह्या बाहुल्या पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकच्या. ते मुळात कडक, नळाच्या पाइपसारखं. ते बाळाच्या गालासारखं मऊ व्हावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घालतात, जुन्या बाहुल्यांत बहुधा थॅलेट गटातलं. काही वेळा ते वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं असतं. ते प्लॅस्टिकला पक्कं बांधलेलं नसतं, नुसतं आत मुरलेलं असतं. वर्षं सरली आणि ऊन लागलं की पाझरून वर येतं आणि त्यावर धूळ बसते. म्हणजे चिकटपणा बाहेरून लागलेला नसतो, आतून आलेला असतो. म्हणूनच पुसला तरी काही महिन्यांनी परत येऊ शकतो, आणि हे गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे.

आता आमची पद्धत ठरलेली आहे. हातात नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे मोजे. आधी कपडे उतरवून वेगळे ठेवायचे. सुती असले तर रिठ्याच्या पाण्यात. मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडायची. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब, कापसाचा बोळा पिळून जवळजवळ कोरडा करायचा आणि तो गालावर घासायचा नाही, लाटणं फिरवावं तसा हळूच फिरवायचा. एका बोळ्याने एक बोटभर जागा, मग नवा बोळा. शेवटी स्वच्छ पाण्याचा हात आणि मऊ फडक्याने टिपून घेणं. एका बाहुलीला दुपार जाते. डोळे मिटणाऱ्या बाहुलीला कधीच पाण्यात बुडवत नाही, कारण डोळ्यांमागच्या लोखंडी तारेला आणि वजनाला गंज चढतो आणि तो गंज पापण्यांतून गालावर ओघळतो. स्पिरिट, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर दुकानात ठेवतच नाही. टाल्कम पावडर लावून चिकटपणा झाकायलाही आम्ही नकार देतो. ती तेलात कालवून लगदा होतो आणि बोटांच्या पेरांत जाऊन बसतो.

बिघाडाचं कारण पुष्कळदा घरातच सापडतं. पत्र्याखालचा माळा, पॉलिथिनची घट्ट गुंडाळी, ट्रंकेत टाकलेल्या डांबराच्या गोळ्या. पॉलिथिन ते तेल शोषून घेतं, गोळ्यांच्या वाफेने प्लॅस्टिक आणखी मऊ पडतं. एकदा एका बाहुलीचा हात भातुकलीच्या प्लॅस्टिकच्या कपबशीला इतका चिकटला होता की सोडवल्यावर बशीवर चारही बोटांचे खड्डे उमटलेले दिसले. धातूचे डूल असलेल्या बाहुल्यांच्या कानांभोवती तांब्यामुळे हिरवा डाग पडतो, तो आत उतरतो आणि पूर्ण जात नाही. रबराची बाहुली वितळायला लागली की तिला आम्ही हातच लावत नाही, तसं स्पष्ट सांगतो. सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची असेल तर इतर बाहुल्यांपासून दूर, दिव्यापासून लांब. ती चटकन पेट घेते.

एक गोष्ट सांगताना मात्र अजूनही जड जातं. आज्या येतात, "साफ करून द्या, नातीला द्यायची आहे." लहान मूल बाहुली तोंडात घालतं, आणि ते पाझरलेलं थॅलेट पोटात जाऊ शकतं. युरोपने खेळण्यांतल्या काही थॅलेटांवर 1999 मध्ये बंदी आणायला सुरुवात केली, 2005 च्या कायद्याने त्यांची मर्यादा 0.1 टक्के ठरवली. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. आजीची बाहुली त्याच्या कितीतरी आधीची. मी म्हणते, "आजी, हिला काचेच्या कपाटात बसवू या, खाली बेकिंग पेपर घालून, उन्हापासून लांब. नातीला तिची गोष्ट सांगा, हातात नवी बाहुली द्या." काहींना वाईट वाटतं. दोघी-तिघींनी काम न देताच बाहुली परत नेली. तरी हे सांगणं आम्ही सोडलेलं नाही.

शिलाई मशीनची कामं आता हेच बघतात, बाहुल्यांचं टेबल माझं. उन्हाळ्यात टेबल आम्ही मागच्या थंड खोलीत हलवतो. सध्या त्याच्यावर निळ्या फ्रॉकची एक बाहुली आहे. एका गालाचं काम झालंय, दुसरा उद्या. उजवा डोळा अजून मिटत नाही, तारेवर गंज आहे. ताईंना सोमवारी बोलावलंय.