मर्यनी: कर्ता सुटला, कन्या अडली

तीन आठवडे एकाच जागी घोडं पेंड खात होतं: मर्यनी या मी रचत असलेल्या कल्पित भाषेतला सकर्मक कर्ता. परवा रात्री सुटला, काल सकाळी पुन्हा अडला.

कल्पित इतिहास तोच. मितन्नी हे प्राचीन सीरियाकडचं राज्य हित्ती-असीरियांच्या कात्रीत मोडत नाही, राजधानी वाशुकन्नीतले मर्यन्नू रथी घरात आर्यभाषाच बोलत राहतात, भोवती सगळे हुरियन. हुरियन भाषा पक्की अर्गेटिव्ह (सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला खास प्रत्यय, अकर्मकाचा कर्ता आणि कर्म मात्र कोरे), तेव्हा शेजारधर्म म्हणून मर्यनीलाही ते लागणारच. आधी सोपा मार्ग धरला होता: क्तान्त ('नीत'सारखं भूतकाळी कृदन्त) आणि तृतीया, 'मर्येण अश्वः नीतः', म्हणजे मर्याने (तरुण वीराने) घोडा नेला. निघाली ती शिरस्त्राण घातलेली मराठी. शिवाय आपला 'ने' 'नेला'लाच लागतो, 'नेतो'ला नाही. हुरियन असा काळ बघत बसत नाही.

मग लक्षात आलं, हुरियन कर्त्याचा प्रत्यय '-श्', आपल्या प्रथमेचा '-स्'! दुभाषी पोराच्या कानाला दोन्ही एकच. 'अश्व धावति', पण 'मर्यश् अश्व नयति'. कर्माचा अंत्य म् तर आधीच गळला होता. एकही नवा प्रत्यय घडवावा लागला नाही. त्या रात्री दोनदा चहा केला.

सकाळी 'कन्या' आठवली. आकारान्त स्त्रीलिंगाला प्रथमेत स् कुठे असतो? म्हणजे मर्यनीत मर्य घोडा हाकणार आणि कन्येला साधं पाणीही भरता येणार नाही! लांडगीण तेवढी वेदकाळापासून स्वयंपूर्ण: वृकीः. साधर्म्याने 'कन्याश्' करून टाकावं असं ठरवून ही नोंद लिहायला बसलो होतो, पण थांबा, षष्ठी! 'कन्यायास्'. शेवटी आयता स्. इन्युइट भाषांत कर्ता आणि षष्ठी एकाच प्रत्ययावर भागवतात, मग इथे का नको? 'कन्यायाश् अश्व नयति'. 'देव्यास्'चं 'देव्याश्'. 'कन्याश्' रद्द.

शब्दांवर ध्वनिबदल चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी नियम मात्र पुन्हा रोमनमध्ये लिहितोय. देवनागरीत अकार अक्षरातच दडलेला, 'अंत्य अ गाळ' म्हटलं की प्रोग्राम गाळणार काय? रोमनमध्ये 'नववर्तन' घातलं आणि एक व गिळून, न दुप्पट होऊन 'नवर्तन्न' बाहेर आलं, थेट मितन्नीचा अश्वशिक्षक किक्कुली याच्या अश्वविद्येच्या ग्रंथातलं! त्याच ग्रंथातल्या 'ऐकवर्तन्न'मधला ऐ मी संस्कृत 'एक'सारखा 'ए' होऊ देणार नाही, कितीही सांगा.

अनेकवचनात 'अश्वास्'ला, कर्ता सकर्मक असो वा अकर्मक, सगळीकडेच स्, तिथे ही युक्ती चालत नाही. तो प्रत्यय सरळ हुरियनकडून उसना घेईन म्हणतो. मितन्नीचा राजा शत्तिवाझा याच्या हित्तींशी झालेल्या करारात मित्र-वरुणांनाही हुरियन '-श्शिल्' चिकटवलाय, तिथे माझ्या घोड्यांचं काय!