शुद्ध अष्टमीचा शनिवार: समुद्रकाठच्या मुक्कामाची तयारी

सोमवार

पौषातला शनिवार शुद्ध अष्टमीला येतोय. वेंगुर्ल्याच्या बाजूला वाळूवर तंबू लावायचा तर याहून सोयीची रात्र नाही. बेळगावात सहलीचा दिवस ठरतो तो सुट्टी, गाडी आणि कोणाला रजा मिळते यावर. फार तर कोणीतरी म्हणतं, पौर्णिमा गाठूया, चांदणं मिळेल. चांदणं मिळतं, पण उधाणही त्याच रात्री असतं, आणि ते नेमकं सगळे झोपल्यावर चढतं.

कोकणातला जुना हिशेब असा: तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे रात्री अकराच्या पुढे पाणी सर्वांत वर. अष्टमीला आठाचे सहा: संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, मध्यरात्रीकडे ओहोटी, पुन्हा सकाळी साडेसहाच्या आसपास भरती. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हिशेब अंदाजाचा आहे, तासभर इकडेतिकडे धरावा. अष्टमीच्या आसपास तर जास्तच. शिवाय एकाच दिवसातल्या दोन भरत्या सारख्या चढत नाहीत, एक मोठी असते, एक लहान. नेमक्या वेळेसाठी मुरगाव बंदराचा तक्ता बघायचा. भारतीय सर्वेक्षण विभाग असे तक्ते दरवर्षी छापतो, आणि वेंगुर्ल्याला जवळचं मोठं बंदर तेच.

अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. मुंबईसारखं चार-साडेचार मीटर पाणी आपल्या बाजूला चढत नाही. उधाणालासुद्धा दोन मीटरच्या आसपास. पण वाळूचा उतार वीसास एक असला तर उंचीतले दोन मीटर म्हणजे आत येणारे चाळीस मीटर. संध्याकाळी ‘पाणी किती लांब आहे’ म्हणून जिथे तंबू लावला जातो, ती जागा बहुधा या चाळीस मीटरांतलीच असते. अष्टमीला उलटं आहे: संध्याकाळी पोचतानाच भरती आलेली असते, पाणी कुठवर येतं ते डोळ्यांसमोर दिसतं. शुद्ध अष्टमीचा चंद्र मावळतो मध्यरात्रीच्या आसपास, त्यामुळे जेवण आणि भांडी आवरेपर्यंत उजेड, झोपायला अंधार.

मंगळवार

जागा. गोवा नको. चोर्ला घाटाने जवळ पडतं हे खरं, पण तिथे २०१९ पासून किनाऱ्यासारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे, आणि स्वयंपाक नसेल तर मुक्कामाला जायचंच कशाला? वेंगुर्ला शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी या रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. साडेतीन तास धरायचे, आंबोलीचा चहा धरून चार. तिलारीचा घाट अंतराने मोहात पाडतो, पण उतार फार तीव्र. सामानाने भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये धरून ठेवली नाही तर निम्म्यातच ब्रेकचा वास येतो.

शिरोडा-वेळागरला सुरूचं बन आहे, आडोसा चांगला मिळतो. सुरूचं बन बऱ्याच ठिकाणी वनखात्याचं असतं. तिथे विचारल्याशिवाय तंबू नाही, आणि आग तर अजिबात नाही. खाली पडलेल्या काड्या पेंढ्यासारख्या पेट घेतात. वायंगणीकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे आपला मोसम आणि त्यांचा मोसम एकच. त्या पट्ट्यात रात्री वाळूवर दिवे लावून बसू नये. पांढऱ्या उजेडाने मादी पाण्यात परत फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालू लागतात. लाल कागद लावलेली बॅटरी चालते. गावात विचारलं की कोणत्या भागात घरटी आहेत ते सांगतात.

सगळ्यांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे किनाऱ्यालगतची एखादी वाडी. ‘काका, अंगणाच्या कडेला तंबू लावला तर चालेल का?’ असं आधी फोन करून किंवा उजेडी पोचून विचारायचं, आणि पैसे आधीच ठरवायचे. विहिरीचं पाणी, न्हाणीघर आणि संडास मिळतो. वाळूत खड्डा करून भागवायची कल्पना सोडून द्यावी: नुसत्या वाळूत काही कुजत नाही आणि वाऱ्याने आठवड्यात सगळं उघडं पडतं. वाडीत माडाखाली मात्र झोपायचं नाही. नारळ आणि झावळ दोन्ही रात्रीच पडतात असं नाही, पण रात्रीही पडतात. खुल्या वाळूवर राहायचं तर पंचायतीत विचारायचं आणि जवळच्या पोलिस ठाण्यात नावं सांगून ठेवायची. किनाऱ्यावर गस्त असते. मध्यरात्री उठून ओळखपत्रं शोधण्यापेक्षा हे बरं.

खाडीच्या मुखाजवळची जागा फोटोत सुंदर दिसते. तिथे दोन अडचणी. ओहोटीला खाडीचं पाणी जोरात बाहेर ओढतं, गुडघाभर पाण्यातही मुलांचे पाय सुटतात. आणि वाळूची दांडी दर पावसाळ्यानंतर जागा बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीची माहिती उपयोगाची नाही.

बुधवार

तंबू गच्चीवर उघडून बघितला. आपल्याकडच्या लोकांना राजहंसगड, जांबोटी, आंबोलीची सवय: मुरुमात खुंटी ठोकली की काम झालं. वाळूत ती सवय आडवी येते. सहा-सात इंचांची लोखंडी खुंटी कोरड्या वाळूत हाताने निघते. दुपारचा खारा वारा दोन तास तंबू हलवत राहिला की ती आपोआपच निघते, कारण प्रत्येक हिसक्याला भोवतालची वाळू सैल होत जाते.

उपाय म्हणजे वाळूच्या पिशव्या पुरणे. तांदळाच्या पाच किलोच्या कापडी पिशव्या आठ घ्यायच्या: सहा तंबूच्या ताणदोऱ्यांना, दोन राखीव. प्रत्येकीत तीन-चार किलो ओली वाळू, तोंड घट्ट बांधून त्यालाच दोरी. फूटभर खोल खड्डा, पिशवी आडवी, दोरी तंबूच्या दिशेने तिरकी बाहेर काढायची, वर वाळू लोटून पायाने दाबायची आणि तांब्याभर समुद्राचं पाणी ओतायचं. ओली वाळू आवळून बसते. पिशवी नुसती वर ठेवली तर ती घसरते. पकड वजनाची नसते, वरच्या वाळूच्या दाबाची असते. पिशवी नसेल तर हातभर जाड काठीच्या मधोमध दोरी बांधून ती आडवी पुरली तरी चालते. परत निघताना सगळ्या पिशव्या मोजून काढायच्या.

दोरी चार मिलिमीटरची, एकूण पंचवीस मीटर: सहा ठिकाणी तीन-तीन मीटर आणि उरलेली कपड्यांना. सुतळी नको, दवाने आकसते आणि उन्हात सैल पडते. नायलॉन ओला झाला की ताणतो, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा सगळ्या दोऱ्या पुन्हा ओढायच्या.

वाऱ्याचं गणित. दुपारपासून संध्याकाळपर्यंत खारे वारे समुद्राकडून, बहुतेक वायव्येकडून, जोरात येतात. रात्री उशिरा मतलई वारे जमिनीकडून, बरेच हलके. म्हणून तंबूची पाठ वायव्येला आणि दार जमिनीकडे. समुद्राकडे तोंड करून उठायची हौस सगळ्यांनाच असते. त्या हौसेची किंमत म्हणजे अंथरुणात वाळू आणि फाटलेली चेन.

चेन हाच किनाऱ्यावर पहिला बिघडणारा भाग. दात्यांमध्ये वाळू बसली की जोर लावला जातो आणि चेनचा घोडा फाकतो. जुना दात घासायचा ब्रश आणि मेणबत्तीचा तुकडा तंबूच्या पिशवीतच ठेवला. आधी ब्रश, मग मेण. तेल लावू नये, वाळू त्यालाच चिकटते. फायबरच्या कांड्यांचे जोडही बघितले. एक कांडी उभी चिरलेली आहे, ती बदलायची. कांडी पूर्ण न बसवता वाकवली की अशी चिरते. वाटेत मोडलीच तर बाहेरून बसणारी वीतभर नळी आणि चिकटपट्टी असली की रात्र निघते.

खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चारही बाजूंनी दोन बोटं लहान हवी. बाहेर डोकावली तर वरून ओघळणारं दव ताडपत्रीवर पडून थेट बुडाखाली जातं. पौषात तिथे दव भरपूर पडतं. पहाटे तंबूच्या आतून थेंब गळायला लागले की लोक म्हणतात तंबू गळतो. तो गळत नसतो, चार माणसांच्या श्वासाची वाफ थंड कापडाला लागलेली असते. वरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, आणि ‘चार माणसांचा’ लिहिलेल्या तंबूत तिघांनीच झोपायचं.

गुरुवार

रविवार पेठेतून सामान. चार माणसं, शनिवारी रात्रीचं जेवण, रविवारी नाष्टा आणि दुपारचं थोडं. तांदूळ सातशे ग्रॅम, पोहे चारशे, कांदे-बटाटे दीड किलो, तेल पाव लिटर, आमसुलं, आलं-लसूण. दुधाऐवजी पावडर. मासे तिथेच घ्यायचे, इथून न्यायचे नाहीत. सकाळी लवकर बंदरावर गेलं तर बांगडे ताजे मिळतात आणि बर्फही तिथेच मिळतो.

खरा आधार मात्र कडक भाकरीचा. माणशी चार, म्हणजे सोळा, सोबत शेंगाचटणी आणि कारळ्याची चटणी. चूल पेटली नाही तरी कोणी उपाशी झोपत नाही. पण बेळगावात महिनाभर कुरकुरीत राहणारी भाकरी खाऱ्या हवेत रात्रीत चामट होते. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची आणि डबा लागेल तेव्हाच उघडायचा. कुंदा आग्रहाने नेला जातो. गाडीच्या डिकीत दुपारभर तापू देऊ नये, आणि पहिल्याच दिवशी संपवावा.

पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, म्हणजे वीस लिटरचा एक कॅन भरून. शिवाय पाय, भांडी आणि चेहरा धुवायला दहा लिटर वेगळं. भांडी आधी वाळूने, मग समुद्राच्या पाण्याने, शेवटी तांब्याभर गोड्या पाण्याने. समुद्राच्या पाण्यात भात शिजवायचा प्रयोग करू नये: लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ असतं. भांडी स्टीलचीच, अ‍ॅल्युमिनियमला खारं पाणी खातं.

शेगडी वाळूवर ठेवायची नाही. दीड फुटी प्लायवुडचा तुकडा खाली, म्हणजे ती कलत नाही आणि बर्नरच्या भोकांत वाळू जात नाही. वाऱ्याला आडोसा तीन बाजूंनी पुरे. पत्र्याने चारही बाजू बंद केल्या तर डबीवर बसणाऱ्या शेगडीत गॅसची डबीच तापते, आणि तापलेली डबी फुटू शकते. तंबूच्या आत शेगडी कधीही नाही, पाऊस असला तरी.

शेकोटी करायचीच तर भरतीरेषेच्या खाली, ओल्या वाळूवर, लहानशी. विझवताना निखाऱ्यांवर वाळू लोटणं हा सर्वांत वाईट मार्ग. वाळूखाली निखारे तासन्‌तास धगधगतात, वरून काही दिसत नाही, आणि सकाळी अनवाणी धावणारं पोर त्यावरच पाय देतं. बादलीने पाणी ओतायचं, ढवळायचं, पुन्हा ओतायचं, हात लावून बघायचं.

शुक्रवार

पांघरुणांवरून घरोघरी वाद. बेळगाव साडेसातशे मीटरवर, पौषात रात्री अंगावर वाकळ लागते. तीच उचलून किनाऱ्यावर नेली जाते. तिथे सोलापुरी चादर पुरते, वाकळ दवाने जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. खरी थंडी खालून लागते, म्हणून पांघरूण कमी आणि खाली जाड चटई. घोंगडी एकच न्यावी, पहाटे बाहेर बसायला.

हवामान आज संध्याकाळी आणि उद्या निघताना, दोनदा बघायचं. अरबी समुद्रातली वादळं फक्त पावसाळ्याआधीच येतात हा समज चुकीचा: फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, ओखी डिसेंबर २०१७ मध्ये. वादळ शेकडो किलोमीटर लांब असलं तरी त्याच्या लाटा किनाऱ्यावर स्वच्छ उन्हात येऊन आदळतात. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते. तसा इशारा असेल तर अष्टमीचा हिशेब बाजूला ठेवून वाडीतच झोपायचं.

तंबूची जागा तिथे गेल्यावर अशी शोधायची: आधी काटक्या, शिंपले, फेसाचा कचरा यांची ओळ, ती अलीकडच्या भरतीची. तिच्या वर जुनी, वाळलेली दुसरी ओळ असते, ती गेल्या उधाणाची. तिच्याही वर मर्यादवेल पसरलेला दिसतो. तंबू त्या वेलाच्या जमिनीकडच्या बाजूला, वेल न तुडवता, कारण वाळू धरून ठेवणारा तोच आहे.

गाडी डांबरावरच. चाकं फिरायला लागली आणि गाडी जागची हलत नसेल तर ताबडतोब थांबायचं. आणखी रेस दिली की बूड वाळूला टेकतं. टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवून, चाकांपुढची वाळू उकरून, ताडपत्री किंवा पायपुसणी घालून हळू काढायची, आणि लगेच पंपावर हवा भरायची. दुचाकीच्या स्टँडखाली सपाट दगड किंवा फळी.

रविवारी भरती सकाळी. तिच्या उतरत्या पाण्यात आंघोळ नको, जेवणानंतर तर नकोच. तंबू दव वाळल्यावर, नऊनंतर उतरवायचा. वाळू ओल्या कापडाला चिकटते, वाळलेल्यावरून झटकली की जाते. घरी आल्यावर तंबू, कांड्या, चेन, शेगडी सगळं गोड्या पाण्यात धुऊन सावलीत दोन दिवस वाळवायचं. कांड्यांचे धातूचे जोड उघडे ठेवूनच. ओला तंबू पिशवीत बांधून माळ्यावर गेला की जून-जुलैच्या आपल्या पावसात पाणी अडवणारा आतला थर चिकट होतो, बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि तो थर पुन्हा सहज लावता येत नाही.