भावे नाट्यमंदिर, पहिल्यांदा विंगेतून

सांगलीत वाढल्यामुळे विष्णुदास भावे नाट्यमंदिरात नाटकं पुष्कळ पाहिली, पण सगळी खुर्चीत बसून. राज्य नाट्य स्पर्धेसाठी आमच्या ग्रुपनं नाटक बसवलं, माझ्याकडे प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू सांभाळायचं काम आलं, तेव्हा ही वास्तू आतून बघायला मिळाली.

त्याआधी कागदपत्रं. प्रवेशिका, लेखकाची परवानगी आणि संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. हे शेवटचं हातात नसेल तर प्रयोग होत नाही, म्हणून संहिता लवकर पाठवा.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी टेम्पोतून फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या भिंती उतरवल्या. मी घाईनं रंगमंचावर चढायला लागले तर लाईटवाले काका म्हणाले, "चप्पल काढ की गं. आधी नमस्कार कर." वाकले तेव्हा खालची जमीन जवळून दिसली. खिळ्यांची भोकं, वाळलेल्या रंगाचे ठिपके. आधीच्या किती नाटकांची घरं इथं उभी राहिली असतील! वर पाहिलं तर झालरींच्या मागे दिव्यांची रांग. प्रेक्षकाला यातलं काहीच दिसत नाही, आणि मला तर तेच सगळ्यात देखणं वाटलं.

काका शेवटच्या रांगेत जाऊन बसले. "बोल काहीतरी, माईक नको." मला आतून एकच वाक्य होतं, "कोण आलंय बाहेर?" ते म्हटलं. "शेवटचं अक्षर गिळतेस," तिथून उत्तर आलं. रिकाम्या सभागृहात त्यांचं साधं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं.

फ्लॅट ठोकताना मराठी नाटकाचा पाया घालणाऱ्या विष्णुदास भाव्यांची आठवण होत राहिली. कानडी नाटक मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी त्यांना मराठीत तसं करायला सांगितलं, आणि 1843 साली 5 नोव्हेंबरला सांगलीच्या राजवाड्यात 'सीता स्वयंवर' झालं. पदं सूत्रधारानं म्हणायची, पात्रांनी भाषणं आयत्या वेळी रचायची. त्याच माणसानं लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. आमच्याकडे लिहिलेली संहिता होती, तरी माझे हात गार पडले होते.

संध्याकाळी नटराजाची पूजा झाली, नारळ वाढवला. तिसरी घंटा वाजली आणि बाहेरची कुजबुज एकदम थांबली. विंगेत काळोखात उभी राहून मी माझ्या वाक्याची जागा मोजत होते. ती आली.

"कोण आलंय बाहेर?"

'र' पूर्ण म्हटला.