पत्रा वाजला नाही

गच्चीवरून माझ्या हाताखालच्या पोरानं हाक मारली, "भाऊ, टाकीच्या बाजूला एक नळी उभी आहे. वर वाकवलेली, तोंड उघडंच. कशालाच जोडलेली नाही. काय करू?"

मी गच्चीखालच्या, वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची फरशी फोडत होतो. तोंडाला रुमाल, डोक्यात दुसऱ्याच साइटचा हिशेब. वर न बघताच म्हटलं, "सोलरचं स्टँड तिथंच येणार आहे. काप आणि डमी मार." डमी म्हणजे नळीचं तोंड बंद करायचं बूच.

बावीस वर्षं प्लंबिंग करतोय. हे वाक्य किती वेळा बोललो असेन, देव जाणे.

घर प्रभात रस्त्याच्या एका गल्लीतलं. दगडी जोतं, वर एक मजला, मागे आंबा. घरात आजी, धाकटा मुलगा आणि सून. थोरला जर्मनीत. आमचं काम निघालं ते त्याच्याच आग्रहानं. व्हिडिओवर तो मला त्याच्या तळघरातला बॉयलर दाखवायचा. गरम पाणी बंद नळ्यांतून घरभर फिरतं, खोल्या ऊबदार होतात, तेच परत बॉयलरला येतं. मी म्हटलं, दादा, पुण्यात खोली तापवायची वेळ डिसेंबरात चार सकाळी येते, आणि त्याला शाल पुरते. इथं तापवायचं ते पाणी.

आणि पाणी तापवायची सोय त्या घरात होती, चांगली जुनी होती. मागच्या अंगणात पत्र्याची पडवी, तिच्यात विटांच्या बांधकामात बसवलेला तांब्याचा बॉयलर. बंबच म्हणा, पण तिप्पट मोठा आणि नळ्या जोडलेला. खाली जाळ, मधून धुराची नळी. गार पाणी गच्चीवरच्या टाकीतून यायचं, गरम पाणी वर-खालच्या दोन न्हाणीघरांत जायचं. पंप नाही, वीज नाही. कोणी बसवला ते आजींनाही आठवत नव्हतं, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तो होताच. धुराड्याच्या सांध्याला पांढरा दोर गुंडाळलेला होता. तसला दोर दिसला की तो अ‍ॅस्बेस्टॉसचा आहे असंच धरून चालायचं, कोरडा ओढायचा नाही. म्हणून तो भाग शेवटी, ओला करून काढायचा ठरवला होता. तेवढी अक्कल होती मला.

दुसऱ्या दिवशी फरशीवाले यायचे होते म्हणून सातलाच पोचलो. फाटक उघडलं आणि आवाज आला. घूंऽऽ असा. आधी वाटलं शेजारी बोअरचा पंप चालू आहे. पण आवाज जमिनीतून नव्हता येत, पडवीतून येत होता, आणि मधेच आत कोणीतरी हातोडी मारावी तसा ठोका पडत होता.

आजी बॉयलरसमोर पाटावर बसल्या होत्या. मांडीशी आमच्याच तोडफोडीतले जुन्या खिडकीच्या चौकटीचे तुकडे. सागवान, पन्नास-साठ वर्षं वाळलेलं. कसं पेटलं होतं म्हणून सांगू.

"आजी, उठा तिथून."

"का रे? पाणी व्हायचंय अजून."

"उठा आधी!"

इतक्या वर्षांत कोणा आजींवर ओरडलो नव्हतो. पोरानं त्यांना धरून पुढच्या ओट्यावर नेलं. मी आकडीनं जळती लाकडं बाहेर ओढली आणि फरशीवर पसरून त्यांच्यावर बादली ओतली. लाकडांवर, बॉयलरवर नाही. तापलेल्या तांब्यावर गार पाणी मारलं तर काय होईल ते त्या वेळी बघायचं नव्हतं. बॉयलरचा पत्रा एका बाजूनं फुगला होता, सुटलेल्या पोटासारखा. हात जवळ नेवत नव्हता.

पोरगा परत पळत आला. "नळ सोडू का न्हाणीतला?"

"हात लावू नकोस."

"मग वर जाऊन डमी काढतो!"

डमी हा शब्द त्याच्या तोंडून आला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तोवर मला वाटत होतं की बॉयलर जुना झाला, बिघडला.

तेही करू दिलं नाही. त्याचं कारण असं. बॉयलर तळाशी, टाकी गच्चीवर, मधे 25 फूट पाणी. तेवढ्या पाण्याचा दाब चौरस इंचाला साधारण 11 पौंड. दाबाखालचं पाणी 100 अंशांवर गेलं तरी उकळत नाही, पाणीच राहतं. आणि इथं तर दाब त्याहून बराच वर गेला असणार. अशा वेळी तोंड उघडलं की दाब उतरतो आणि त्या पाण्याचा काही भाग एकदम वाफ होतो. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरच्या वर जागा मागते. ती त्या पोराच्या तोंडावर आली असती.

मग सगळे पुढच्या ओट्यावर. साहेब, म्हणजे आजींचा धाकटा, दाढीचा साबण तसाच लावून आले होते. पाऊण तास आम्ही चहा पीत बसलो आणि मागचा आवाज हळूहळू बसत गेला.

तेव्हा आजी बोलल्या. "आज पत्रा वाजलाच नाही. म्हणून मी आणखी दोन लाकडं सारली."

कुठला पत्रा?

तर पडवीचा. गच्चीवरची ती वाकडी नळी बॉयलरच्या माथ्यावरून निघून टाकीच्याही वर गेलेली, आणि तिचं तोंड कठड्याबाहेर, बरोब्बर पडवीवर. पाणी उकळीला आलं की नळी थुंकायची आणि थेंब पत्र्यावर टपटप वाजायचे. पत्रा वाजला की जाळ मागे ओढायचा. सासूबाईंनी शिकवलेलं. घड्याळ नाही, काटा नाही, कान द्यायचा. काल मी ते तोंड बंद केलं. पत्रा वाजेना, म्हणून आजी जाळ वाढवत राहिल्या.

तरीही गार पाण्याच्या नळीतून दाब उलटा टाकीत जायला हवा होता. बॉयलर निवल्यावर मागे वाकून पाहिलं, तर त्या नळीवर पितळी एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह. कधीतरी गरम पाणी उलटं टाकीत चढत असणार, तेव्हा कोणा प्लंबरनं बसवून दिला. त्याचंही चूक नाही, वरची नळी उघडी होती तोवर चालून गेलं. त्यात वरचं न्हाणीघर आदल्याच दिवशी आम्ही फोडून तिथले नळ बंद केलेले. खाली उरला एक नळ. तोही पत्रा वाजल्याशिवाय कोणी सोडत नव्हतं.

जर्मनीतल्या त्या बॉयलरचं सगळं बंदच असतं, पण तिथं पाणी फुगायला वेगळा डबा असतो आणि दाब वाढला तर सुटणारा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. या घरात डबा आणि व्हॉल्व्ह दोन्हींचं काम पाऊण इंची उघडी नळी करत होती.

आम्हाला वाचवलं ते एका जुन्या जोडानं. तळाच्या शिवणीची झाळ एके जागी उकलली होती आणि तिथून पाणी चुळचुळत राखेत जात होतं. झाळ जरा पक्की असती तर मी हे लिहीत बसलो नसतो.

साहेबांना मी सरळ सांगितलं, चूक माझी, नळी कुठून येते ते न बघता कापायला लावली. ते काही बोलले नाहीत. बोलल्या आजी. "मला विचारायचंस की. मी काय, खालीच बसले होते."

पुढचं काम नेहमीसारखं. बॉयलर काढला, जीआय म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी नळ्या काढल्या. पाऊण इंची नळी कापून पाहिली तर आत क्षार आणि गंज धरून पेन्सिल जाईल एवढंच भोक. सगळीकडे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारी प्लास्टिकची नळी टाकली, बोहरी आळीतून माल आणला. गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून 200 लिटरचा सोलर, ढगाळ दिवसांसाठी आत 2 किलोवॉटची विजेची कॉइल. टाकीची पातळी सोलरच्या वर हवी म्हणून तिला दोन फूट ओटा बांधून उचलली. आणि सोलरलाही व्हेंट, म्हणजे तसलीच उघड्या तोंडाची नळी, लागतोच, उचललेल्या टाकीच्याही वर जाणारा. तो पोरानं मला न विचारता बसवला, आणि लाल रंगवला.

महिन्याभरानं उरलेले पैसे घ्यायला गेलो. आजी म्हणाल्या, पाणी चांगलं तापतं, पण नळ सोडला की आधी गारच येतं किती वेळ. बरोबर आहे. पूर्वी बॉयलर न्हाणीच्या भिंतीला लागून होता. आता पाणी गच्चीवरून 60 फूट येतं, नळीत निवलेलं जवळजवळ पाच लिटर आधी निघतं. ते बादलीत धरा आणि झाडांना घाला, म्हटलं.

"ते घालते रे," त्या म्हणाल्या, "पण झालं कधी ते कसं कळायचं?"

"आजी, सोलर आहे. ऊन पडलं की होतं."

त्यांनी मागच्या अंगणाकडे पाहिलं. पडवी आम्ही पाडली होती, पत्रा आंब्याला टेकवून ठेवला होता.