तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्मच्या कॅमेऱ्यावर फ्लॅश कशाला?

"इतका छान जुना कॅमेरा, त्यावर तो बाहेरचा फ्लॅश कशाला लावता, नैसर्गिक उजेडात काढा ना." लग्नात विचारतात, जळगाव स्टेशनवर अनोळखी माणूस विचारतो, घरचे तर विचारतातच. आजवर टाळत आलो, आज सांगून टाकतो.

नैसर्गिक उजेड म्हणजे कुठला? आमच्याकडचा मे महिन्यातल्या दुपारचा? शेताच्या बांधावर उभ्या माणसाच्या टोपीखाली डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात, आणि बाईने पदर पुढे ओढला असेल तर अर्धा चेहराच जातो. माझ्या यशिका डीचं शटर लेन्समध्येच आहे, पात्यांचं, त्यामुळे सेकंदाच्या 1/500 ला उघडझाप केली तरी फ्लॅश जुळतो. पेंटॅक्स 67 सारख्या पडद्याच्या शटरला नेहमीच्या लेन्सवर 1/30 च्या पुढे जाता येत नाही, तेवढ्या वेळात ऊनच फिल्म भरून टाकतं, मग भर उन्हात कसला फ्लॅश. मी 400 ची फिल्म, 1/500, एफ 16 (एफ म्हणजे लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि फ्लॅश उन्हापेक्षा दीड-दोन स्टॉप कमी ठेवतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), टोपीखालचे डोळे दिसतात आणि फ्लॅश मारलाय हे बघणाऱ्याला कळतही नाही. ह्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

पण खरं कारण ते नाहीच. खरं कारण 2017 ची कानबाई, आमच्या खानदेशातला घरोघरी देवी बसवायचा सण.

नागपंचमीनंतरचा रविवार, अमळनेरजवळचं आमचं गाव, चारही भावांची कानबाई आबांच्या घरी. रोट भाऊबंदांनीच खायचे म्हणून पुण्याहून, सुरतेहून सगळे आलेले. वाटणीचं बोलणं सुरू झालेलं होतं, एकत्र कानबाई ही शेवटची हे सगळ्यांना कळत होतं आणि तोंडातून कुणी काढत नव्हतं. आबा मला म्हणाले, तू सगळ्यांचा एक फोटो काढ.

धाब्याचं घर, छत धुराने काळं, म्हणजे फ्लॅश वर मारून उजेड खाली येईल ही आशाच नको. एक ट्यूब आणि देवीजवळ दोन समया. उजेडाचा मीटर सांगत होता एफ 3.5 ला 1/8, आणि माणसं सोळा, तीन ओळीत, सगळी शार्प यायची तर एफ 8 तरी पाहिजे. मग नानांचं पांढरं धोतर दोरीवर टांगलं आणि फ्लॅश त्यातून मारला. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद, तिला अंतराने भागलं की एफ मिळतो) 100 च्या फिल्मला 28, 400 च्या फिल्मला दुप्पट म्हणजे 56, अंतर साडेतीन मीटर, त्याला एफ 16, धोतराचे दोन स्टॉप वजा, एफ 8. 1/125 ला बारा फ्रेम. दरवेळी लख्ख उजेड पडायचा, पोरं डोळे चोळायची, आबा हलायचे नाहीत.

फिल्म मीच धुतली, बाथरूममध्ये, बर्फ टाकून पाणी 20 डिग्रीवर आणून. रीळ उलगडलं तर काचेसारखं स्वच्छ, म्हणजे काहीच उमटलं नव्हतं. बाराच्या बारा फ्रेम. प्रत्येकीत फक्त काळे ठिपके, समयांच्या वाती (निगेटिव्हवर उजेड काळा येतो).

इतकी वर्षं लोकांना सांगत आलो की पट्टा अडकला आणि लेन्सजवळचा खटका एक्सवरून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशच्या जागेवरून, एमवर सरकला. सरकला नव्हता. फ्लॅश मॅन्युअलवर होता म्हणून एम म्हणजे मॅन्युअल असं धरून मीच आदल्या रात्री तो तिकडे केला. एम असतो जुन्या, एकदाच जळणाऱ्या बल्बसाठी. त्या बल्बला भरात यायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग लागायचा म्हणून कॅमेरा बल्ब आधी पेटवतो आणि शटर मागून उघडतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश हजाराव्या भागात चमकून विझतो, तोवर पाती बंदच. उजेड सगळ्यांनी पाहिला, फिल्मला तो दिसलाच नाही.

नानांचा फोन यायचा, "फोटू उनात का रे भाऊ?", म्हणजे फोटो आले का. मी सांगितलं फिल्मच खराब निघाली. मोबाइलवर काढलेले आहेत म्हणाल, आहेत ना, देवीचे, पोरांचे, तुकड्यातुकड्यांत, चौघं भाऊ एकत्र बसलेला एकही नाही. पुढच्या श्रावणात चार घरी चार कानबाया बसल्या.

तेव्हाचा मी आजही भांडतो माझ्याशी, की फ्लॅशच्या नादात गेलं सगळं, समईच्या उजेडात दोन फ्रेम काढल्या असत्यास तर हललेले का होईना चेहरे तरी आले असते. खरंय, तेवढं मान्य. मग मी म्हणतो की चूक फ्लॅशची नव्हती, माझ्या अर्धवट माहितीची होती, आणि तेही खरंच आहे. फ्लॅश सोडला असता तर मला वाटलं असतं की ते सोळा चेहरे मी दुसऱ्यांदा सोडले. आता फिल्म भरण्याआधी पाठ उघडी ठेवून पांढऱ्या भिंतीसमोर लेन्समधून बघतो, फ्लॅश मारल्यावर उजेडाचं गोल भोक दिसलं तरच फिल्म भरतो. खटका एक्सवर चिकटपट्टीने बांधलाय.

गेल्या श्रावणात आबांकडे गेलो. फ्लॅश काढताना बघून म्हणाले, "यंदा तरी फोटू उना पाह्यजे." दहा फ्रेम फ्लॅशवर काढल्या, दोन ट्रायपॉडवर, नुसत्या समई-ट्यूबच्या उजेडात, 1/8 ला. बाराही आल्या. आबांनी त्या दोनातलाच एक ठेवून घेतला, त्यात ते थोडे हललेत.