काळी म्हणजे कडकनाथ नव्हे

सोलापूरच्या आसपास आठवडी बाजारात काळी तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरणी कोंबडी, दिसली की विकणारा बेधडक ‘कडकनाथ’, म्हणजे काळ्या कातडीची देशी जात, म्हणतो आणि भाव चढवतो. घेणाराही पिसांकडे बघतच मान डोलावतो. फसगत तिथेच होते.

कारण काळं पीस पुष्कळ जातींना असतं. ऑस्ट्रेलॉर्प या ऑस्ट्रेलियन जातीचं पीस तितकंच काळंभोर, उन्हात हिरवी झाक मारणारं. उलट मध्य प्रदेशातल्या झाबुआकडच्या अस्सल कडकनाथात काळ्यासोबत सोनेरी आणि रेघाळ, म्हणजे पेन्सिल्ड, असेही रंग असतात. काळा नाही म्हणून परत केलेला पक्षी अस्सल असू शकतो.

म्हणून पक्षी हातात घ्या. आधी त्याच्या पायाचा तळवा उलटा करून बघा. ऑस्ट्रेलॉर्पची नडगी, म्हणजे पायाचा खालचा उघडा भाग, काळसर असली तरी तळवा पांढरा असतो. कडकनाथचा पाटीसारखा करडा-काळा. मग चोच उघडून जीभ बघा. कडकनाथची जीभ आणि तुरा जांभळट दिसतो, ऑस्ट्रेलॉर्पचा तुरा लालभडक. शेवटी पंख उचलून काखेतल्या पिसांवर फुंकर मारा, खालची कातडी उघडी पडते. ती गोरी असेल तर पुढे बोलायचं कारण नाही. वजनही बोलतं: वयात आलेली कडकनाथ कोंबडी साधारण 1 ते 1.5 किलोची, ऑस्ट्रेलॉर्प अडीच किलोच्या पुढे.

खरी अडचण संकराची. कडकनाथ कोंबडा पांढऱ्या किंवा पिवळ्या नडगीच्या कोंबड्यांवर सोडला, तर एकाच खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांत माद्या काळ्या कातडीच्या होतात आणि नर उजळ. कातडीतला काळा रंग रोखणारा जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो; फिकट नडगीची आई तो फक्त नर पिल्लांना देते. त्यामुळे संकराच्या तलंगा वरच्या रंगाच्या परीक्षा पास होऊ शकतात! अशा वेळी त्याच खेपेतले कोंबडे दाखवायला सांगा. त्यांची नडगी फिकट आणि कातडी डागाडागांची असली की उलगडा होतो. विकणारा नुसत्या माद्याच आणत असेल तर जरा थांबा.

आपल्याकडच्या ऊन्हाचीही एक गंमत. मे महिन्यात काळं पीस विटून तांबूस होतं आणि चांगला पक्षी संकराचा वाटतो. पाठीवरचं एक पीस वर करून बुडाशी बघा. वरच्या पिसाखाली झाकलेला भाग काळा आणि फक्त उघडं टोक तांबूस असेल तर ते उन्हाचं काम. पिसं झडून नवी आली की रंग परत येतो. तांबूसपणा बुडापर्यंत असेल तर मात्र रंगच वेगळा.

आणि हे सगळं सकाळी सावलीत बघा. पिवळ्या बल्बखाली जांभळट तुराही लाल दिसतो, दुपारच्या उन्हात तर कुठलंही काळं पीस चमकतं.